दिवाळीच्या आगेमागे घाटावर जाताय? हवामानाचा अंदाज या क्रमाने वाचा

शुक्रवारी रात्री ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट हमखास येतो. फोनमधल्या ॲपचा पिवळा सूर्य, खाली ‘मुंबई, ३४ अंश’, आणि त्याखाली कुणाचा तरी मेसेज: ‘हवा क्लिअर आहे, पहाटेची कसारा लोकल पकडू.’ मी बरीच वर्षं मुंबईतून गट घेऊन घाटावर जातो, आणि हा स्क्रीनशॉट पाहिला की मला काळजी वाटते. तो अंदाज समुद्रकाठच्या शहराचा असतो. आपण जाणार असतो तिथून शंभरेक किलोमीटर आत आणि हजार-दीड हजार मीटर वर.

जुलैत ही चूक फारशी महागात पडत नाही, कारण तेव्हा भिजायची तयारी करूनच सगळे निघतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रेनकोट माळ्यावर गेलेला असतो, आणि याच दिवसांत कोकणपट्टी, घाटमाथा आणि देश या तिन्हींची हवा एकमेकांपासून सर्वांत वेगळी असते. दादरला ऑक्टोबर हीटने घाम गळत असतो, त्याच दुपारी घाटावर विजा कडाडतात, आणि रात्री नाशिकच्या बाजूला स्वेटर लागतो.

अंदाज मिळतच नाही अशी अडचण आता राहिलेली नाही. चुका होतात त्या क्रमात. लोक सर्वांत आधी ॲपचं चिन्ह बघतात आणि तिथेच थांबतात. खरं तर ते चिन्ह बरंच नंतर बघायचं.

टप्पा १: ॲप उघडण्याआधी कागदावर जागा लिहा

कुठलाही अंदाज बघण्याआधी पाच गोष्टी लिहून काढा: पायथ्याचं गाव, तालुका, जिल्हा, माथ्याची उंची, आणि वाट कोणत्या जिल्ह्यातून चढते.

शेवटची गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. हवामान खात्याचे इशारे जिल्हानिहाय निघतात आणि आपले गड नेमके जिल्ह्यांच्या हद्दीवर बसले आहेत. कर्जतहून कोंढाण्यामार्गे राजमाचीला जाणारा माणूस रायगड जिल्ह्यातून चढतो आणि पुणे जिल्ह्यात पोचतो. हरिश्चंद्रगड ठाणे, पुणे आणि अहिल्यानगर या तिन्हींच्या सांध्यावर आहे. कळसूबाईला आपण कसारा-इगतपुरी-घोटी असे नाशिक जिल्ह्यातून जातो, म्हणून नाशिकचा अंदाज बघतो, पण बारी गाव अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात आहे.

त्याच कागदावर हवामान विभागही लिहा. मुंबई, ठाणे, रायगड हे ‘कोकण-गोवा’ विभागात येतात. घाट ओलांडला की ‘मध्य महाराष्ट्र’ सुरू होतो. बातम्यांत ‘कोकणात हवा कोरडी’ असं ऐकून कळसूबाईला निघणं म्हणजे शेजारच्या घरचा ताप मोजून आपल्या पोराला औषध देणं.

पुणे, सातारा, नाशिक आणि कोल्हापूर या जिल्ह्यांच्या घाटमाथ्यासाठी इशारा स्वतंत्र दिला जातो. तो असेल तर जिल्ह्याच्या इशाऱ्यापेक्षा त्याला जास्त वजन द्या. कळसूबाई-रतनगड परिसरासाठी मी अहिल्यानगरबरोबर नाशिकच्या घाटमाथ्याचा इशाराही वाचतो, कारण ढग तालुक्याची हद्द पाळत नाहीत.

*तपासा: घाटाच्या कड्यावरचा गड असेल आणि कागदावर एकाच जिल्ह्याचं नाव असेल, तर नकाशा पुन्हा उघडा.*

टप्पा २: सहा-सात दिवस आधी समुद्राकडे बघा

या टप्प्यावर तापमान, टक्के, ताशी अंदाज यातलं काहीही बघू नका. आठवडाभर आधीचा ‘शनिवारी दुपारी ३ वाजता पाऊस’ हा आकडा विश्वास ठेवण्याजोगा नसतो. एवढ्या आधी बघायची ती मोठी चाल: अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात काही शिजतंय का?

अरबी समुद्रात चक्रीवादळं तयार होण्याचे दोन हंगाम आहेत, एक पावसाळ्याच्या तोंडावर आणि दुसरा पाऊस परतल्यावर. मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. त्यानंतरचे दोन महिने समुद्र तापलेलाच असतो. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ ला मुंबई आणि अलिबागच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस क्यार आणि पाठोपाठ महा अशी दोन वादळं आली. दोन्ही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळली नाहीत, पण त्याच दिवसांत राज्यभर अवकाळी पावसाने काढणीला आलेली पिकं नासली. २०१७ मध्ये ओखीचा पाऊस मुंबईत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडला. ‘वादळ ओमानकडे वळलं’ ही बातमी वाचून निर्धास्त होऊ नका. वादळ वळलं तरी त्याने ओढून आणलेली वाफ आपल्या डोक्यावर राहू शकते.

बघायचं ते असं:

हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा विस्तारित अंदाज आणि वादळ तयार होण्याची शक्यता प्रसिद्ध करतं. शनिवार-रविवारचा बेत असेल तर आदल्या आठवड्यातला गुरुवार आणि निघण्याआधीचा गुरुवार, असं दोनदा वाचा. शब्दांची चढण लक्षात ठेवा: कमी दाबाचं क्षेत्र, मग डिप्रेशन, मग डीप डिप्रेशन, मग चक्रीवादळ. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोचला की वादळाला नाव मिळतं. आपल्या कामासाठी नावाची वाट बघायची गरज नाही. पूर्व-मध्य अरबी समुद्रात नुसतं कमी दाबाचं क्षेत्र असलं तरी घाटावरचा बेत पुढेमागे करता येईल असा ठेवा.

दुसरी, फार कमी ट्रेकर वाचतात अशी गोष्ट म्हणजे मच्छीमारांसाठीचा इशारा. ‘कोकण किनाऱ्यावर समुद्रात जाऊ नये’ असं त्यात आलं की पुढच्या काही दिवसांतला वारा कळतो. ससून डॉकच्या किंवा वर्सोव्याच्या ज्या कुटुंबांचं पोट या इशाऱ्यावर चालतं, ती तो रोज वाचतात. आपणही वाचावा.

संकट उत्तरेकडूनही येतं. नोव्हेंबर उजाडला की उत्तर भारतात पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या थंडी-पावसाच्या प्रणाली, येऊ लागतात. एरवी त्यांचा परिणाम हिमालयात बर्फ आणि पंजाब-हरियाणात पाऊस एवढाच. पण अरबी समुद्रावरून वाफ येत असताना एखादा झंझावात खाली दक्षिणेकडे उतरला तर आपल्याकडे गारठा आणि पाऊस एकत्र येतात. १ डिसेंबर २०२१ ला मुंबईत दिवसभर पाऊस होता आणि हवा हिल स्टेशनसारखी गार होती. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात नाशिक भागात गारपिटीने द्राक्षबागा झोडपल्या. उघड्या गडावर भिजलेल्या माणसाला असा दिवस भर पावसाळ्यापेक्षा धोक्याचा. पावसाळ्यात हवा उबदार असते, अशा दिवशी नसते.

टप्पा ३: तीन दिवस आधी जिल्ह्याचा इशारा, शब्दनशब्द

इथे घाई करू नका. सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, आणि त्या शब्दांच्या होतात.

पहिला शब्द ‘तुरळक’. ‘तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस’ असं वाचून लोक म्हणतात, ‘तुरळकच आहे ना, पडला तर पडला थोडा.’ तुरळक म्हणजे थोडा पाऊस नव्हे. तुरळक म्हणजे थोड्या *जागा*. हवामान खात्याच्या हिशेबात त्या विभागातल्या एक चतुर्थांशपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असला की ‘तुरळक ठिकाणी’, निम्म्यापर्यंत ‘काही ठिकाणी’, तीन चतुर्थांशपर्यंत ‘अनेक ठिकाणी’ आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. त्या थोड्या जागांवर तो किती जोरात पडेल हे वेगळ्या शब्दाने सांगतात. म्हणून ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असा अंदाज येऊ शकतो, आणि त्यात विसंगती काहीच नाही.

आता त्या थोड्या जागा कुठल्या असतील याचा विचार करा. ऑक्टोबरात दुपारी जमीन तापते, हवा वर चढते आणि डोंगराच्या उताराने तिला आणखी वर ढकललं जातं. ढग आधी उभे राहतात ते डोंगररांगांवर. म्हणजे जिल्ह्यातल्या ‘तुरळक ठिकाणां’मध्ये आपला गड असण्याची शक्यता तालुक्याच्या गावापेक्षा जास्त. हे वाक्य मी दरवर्षी नव्या गटाला सांगतो आणि दरवर्षी दोन-तीन जण तरी चमकून बघतात.

दुसरं, प्रमाण. चोवीस तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर म्हणजे मध्यम पाऊस, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार. आकडा पूर्ण दिवसाचा असतो. वळवासारख्या सरीत पन्नास मिलिमीटर तासाभरात पडले तरी ते ‘मध्यम’च म्हणवतात, पण त्या तासात ओढा ओलांडता येत नाही.

तिसरं, दिवस कुठून कुठे मोजला आहे. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरतात. रविवारी सकाळी जाहीर होणारा पाऊस बराचसा शनिवारचा असतो. इशाऱ्यातही ‘पहिला दिवस’ दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. शनिवारी रात्री गडावर मुक्काम असेल तर शनिवार आणि रविवार, दोन्ही रकाने वाचा.

चौथं, रंग. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग जिल्ह्यातल्या सर्वसामान्य जनजीवनाला धरून ठरतो. कड्याच्या टोकावर उभ्या असलेल्या पंधरा जणांना धरून ठरत नाही. विजांसाठीचा पिवळा इशारा गावात घरात बसलेल्याला पुरेसा सौम्य आहे, उघड्या माथ्यावर तो सौम्य नाही.

*थांबा: केशरी किंवा लाल असेल तर पुढचे टप्पे वाचायची गरज नाही. बेत रद्द. पिवळ्यात ‘विजांचा कडकडाट’ हे शब्द असतील तर मुक्काम काढून टाका आणि दुपारी बाराला पायथ्याशी परत असाल असा छोटा गड निवडा.*

टप्पा ४: आदल्या दिवशी ॲप, पण योग्य ठिकाणचं

आता ॲप उघडा. ‘मुंबई’ बदलून नकाशावर पायथ्याच्या गावाला बोट लावा, मग माथ्याला लावा. दुपारी बारा ते रात्री आठ हा पट्टा आधी वाचा, कारण परतीच्या पावसाच्या आणि त्यानंतरच्या सरी बहुतेक याच वेळात येतात.

टक्क्यांचा अर्थ नीट लावा. ‘४० टक्के पाऊस’ म्हणजे चाळीस टक्के वेळ पाऊस नव्हे आणि हलका पाऊसही नव्हे. त्या जागी त्या वेळात पाऊस पडण्याची शक्यता शंभरात चाळीस, एवढंच. जोराबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

विंडीसारख्या ॲपवर दोन मॉडेल, म्हणजे संगणकाने मांडलेले अंदाज, आळीपाळीने लावून बघा, युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ आणि अमेरिकेचं जीएफएस. दोन्ही दुपारच्या पावसावर एकमत असतील तर तो येणार असं धरून चला. मतभेद असेल तर वाईट बाजू धरा. आवडेल ते उत्तर मिळेपर्यंत ॲप बदलत राहणं ही सवय मी चांगल्या अनुभवी लोकांतही पाहिली आहे. ती सोडा. चित्रावरची वेळ भारतीय आहे की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), हेही बघा. यूटीसी असेल तर साडेपाच तास मिळवायचे. ‘०९:००’ला सकाळ समजलात तर दुपारी अडीचचं वादळ तुमच्या नाश्त्याच्या वेळी दिसेल.

तापमानाचं गणित स्वतः करा. मॉडेलला डोंगर गुळगुळीत आणि बुटका दिसतो, त्यामुळे माथ्याचं तापमान बऱ्याचदा जास्त दाखवलं जातं. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी, हा हिशेब दिवसासाठी पुरतो. नाशिक शहर सुमारे सहाशे मीटरवर आणि कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर. नाशिकला दुपारी ३० असेल तर माथ्यावर तेविसेक.

रात्री मात्र हे गणित उलटू शकतं. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर थंड हवा जड होऊन उताराने खाली दरीत साचते. मग पायथ्याच्या शेतातला तंबू वरच्या सपाटीपेक्षा गार पडतो, आणि पहाटे दवाने बाहेरून इतका भिजतो की पाऊस झाला असं वाटतं. वरची जागा तापमानाने उबदार असली तरी तिथे वारा असतो, आणि वाऱ्याने अंगातली ऊब निघून जाते. मुक्काम खाली असेल तर जाड पांघरूण आणि तंबूला बाहेरचं आच्छादन, वर असेल तर वारा अडवणारं जाकीट.

टप्पा ५: सॅक भरताना

कोरड्या अंदाजातही हलका रेनकोट, फोनसाठी प्लास्टिकची पिशवी आणि एक कोरडा टी-शर्ट. हेडटॉर्च प्रत्येकाला. नोव्हेंबरच्या मध्याला आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, आणि ऑगस्टच्या सवयीने सातपर्यंत उजेड धरणारे गट वाटेत अडकतात. पाणी उन्हाळ्यासारखंच जास्त घ्या. ऑक्टोबरचं ऊन आणि गेलेलं मळभ, दोन्ही मिळून माणसाला लवकर थकवतात.

टप्पा ६: निघायच्या सकाळी

लोकलमध्ये बसल्यावर तीन गोष्टी बघायच्या. उपग्रहाचं ताजं चित्र, मुंबईच्या कुलाबा किंवा वेरावली रडारचं चित्र, आणि हवामान खात्याचा तीन तासांचा ताजा अंदाज. पहाटे आकाश स्वच्छ असणं हे दुपारच्या वादळाविरुद्धचा पुरावा नाही. ही वादळं दिवसाच्या उन्हावर वाढतात. उलट पहाटेच उकाडा आणि चिकचिक असेल तर सावध व्हा.

गाडीने जाणाऱ्यांनी कसारा, माळशेज आणि बोरघाटातलं धुकं धरून तासभर जास्त ठेवावा. ओल्या जमिनीवर निरभ्र रात्र गेली की दरीत धुकं बसतं आणि ऊन वर आल्यावरच विरतं.

पायथ्याच्या गावात पोचलात की शेताकडे बघा. हे दिवस भातकापणीचे. कापलेलं भात निवांत वाळत पडलेलं आहे, की माणसं घाईने उडव्या रचून वर ताडपत्री ओढताहेत? ज्यांच्या घरी जेवायचं ठरलं आहे त्या मावशींना विचारा, ‘काल दुपारी कुठल्या अंगाने आलं होतं?’ ढग कुठून आले, किती वाजता आले, एवढं कळलं तरी पुष्कळ. लागोपाठच्या दिवसांत वादळाची वेळ आणि दिशा बरीच सारखी राहते.

*तपासा: दामिनी ॲप सुरू आहे, जागेची परवानगी दिली आहे, आणि गटातल्या किमान दोघांच्या फोनवर आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं हे ॲप तुमच्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात पडणाऱ्या विजा दाखवतं. नेटवर्क गेलं की ते गप्प होतं, म्हणून पुढचा टप्पा डोळ्यांनी आणि कानांनी करायचा.*

टप्पा ७: डोंगरावर, आणि पाठीमागे बघत

जून ते सप्टेंबर पाऊस समुद्राकडून येतो. चार महिने आपण पश्चिमेकडे बघून ‘आला, आला’ म्हणतो, आणि तीच सवय अंगात राहते. ऑक्टोबरात वरचे वारे पूर्वेकडचे होतात. ढग घाटावर, देशावर उभे राहतात आणि दुपार ते संध्याकाळ पश्चिमेकडे, ठाण्या-मुंबईकडे सरकतात. म्हणजे गडावर पश्चिमेला तोंड करून बसलेल्या माणसाच्या पाठीमागून वादळ येतं.

एका ऑक्टोबरात माहुलीच्या माथ्यावर आम्ही चौदा जण डबे उघडून बसलो होतो. समोर पश्चिमेकडचं मैदान उन्हात लखलखीत. गडगडाट ऐकू आला तेव्हा वळून पाहिलं, आणि पूर्वेचं आकाश शाईसारखं झालेलं होतं. खाली उतरताना लोखंडी शिडी एकच, आणि एका वेळी एकच माणूस. विजा पडत असताना धातूच्या शिडीपाशी रांग लावून उभं राहायची वेळ आली. कुणाला इजा झाली नाही, पण रांगेतली सर्वांत लहान मुलगी माझा हात किती घट्ट धरून होती ते मला आजही आठवतं. पूर्वेकडे तासाभरापूर्वी एकदा पाहिलं असतं तर आम्ही तेव्हाच उतरायला लागलो असतो.

त्यानंतर मी एक माणूस नेमतो. दर अर्ध्या तासाला त्याने पूर्वेकडे बघायचं आणि मोठ्याने सांगायचं. काय बघायचं? फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग रुंदीपेक्षा उंचीने वाढतोय का. त्याच्या कडा अजून ठसठशीत असतील तर तो वाढतो आहे. माथा ऐरणीसारखा सपाट पसरला की विजेचं वादळ तयार झालं. अचानक गार वारा सुटला तर पाऊस जवळ आला.

वीज दिसली की मोजायला लागा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. वीज आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ असेल तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच माथा, कड, एकटं झाड, रेलिंग आणि शिडीपासून दूर व्हा. वाट शिडीवरून जात असेल तर शिडीकडे धावू नका. माथ्यावरून थोडं खाली, खोलगट पण ओढ्याच्या वाटेत नसलेल्या जागी, एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवं बसा. आडवं पडायचं नाही. उथळ कपारीच्या तोंडाशी किंवा उघड्या देवळीत आसरा घ्यायचा नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच पुन्हा चालायला लागा. हा अर्धा तास फार लांब वाटतो, तरी थांबा.

मागे फिरण्याची वेळ सकाळीच ठरवा आणि गटासमोर बोलून दाखवा. माझी वेळ अशी: अंदाज कोरडा असेल तर दुपारी एक, आणि विजांचा पिवळा इशारा असेल तर सकाळी दहा. माथा वीस मिनिटांवर दिसत असला तरी वेळ झाली की वळायचं, कारण ही वेळ घरी बसून, शांत डोक्याने ठरवलेली असते.

टप्पा ८: परतीच्या लोकलमध्ये पाच ओळी

टप्पा एकच्या त्याच कागदाच्या मागे तारीख घालून लिहा: अंदाज काय होता, प्रत्यक्षात काय झालं, पहिला ढग किती वाजता आणि कोणत्या दिशेला दिसला, माथ्यावर वारा कसा होता, रात्रीचा मुक्काम असेल तर पांघरूण पुरलं का. पुढच्या वर्षी त्याच गडाला जाताना टप्पा एकचा कागद काढाल, तेव्हा हा त्याच्याखाली ठेवा.